लॅबच्या फायलींत पडून राहिलेले जनुकीय बदल जागतिक नोंदींत कसे न्यायचे

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: विदर्भातल्या एका लहान लॅबमध्ये तुम्ही जनुकीय समुपदेशक आहात. एक्झोम (सगळ्या जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी) आणि पॅनेल (निवडक जनुकं वाचणारी) या तपासण्यांच्या रिपोर्टांवर ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’, म्हणजे व्हीयूएस, आजार करतो की नाही हे ठरवता न आलेला बदल, हा शेरा वारंवार येतो. जागतिक डेटाबेसमध्ये भारतीय लोक कमी आहेत म्हणून असं होतं, असं सगळेच सांगतात. मग लॅबमध्ये साठलेली माहिती तिथे देता येईल का, एका लहान लॅबनं दिल्यानं काही फरक पडतो का, आणि रुग्णांच्या खासगीपणाचं काय?

मी बरीच वर्षं व्हेरिअंटचा, म्हणजे अशा जनुकीय बदलांचा, अर्थ लावण्याचंच काम करते. फरक पडतो, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जास्त पडतो. पण ‘भारतीय कमी आहेत’ या एका वाक्यात दोन वेगळ्या उणिवा एकत्र बांधल्या जातात. त्या आधी सोडवून घेऊ, कारण त्यांतली एक तुमच्या हातात नाही आणि दुसरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

पहिली उणीव वारंवारतेची. एखादा बदल निरोगी लोकांत किती जणांकडे असतो हे पाहायला आपण नोमॅड (gnomAD) हा जागतिक डेटाबेस उघडतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत आठ लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांत दक्षिण आशियाई सुमारे ४५ हजार. जगातला जवळपास प्रत्येक चौथा माणूस या भागातला असताना तिथे आपण शंभरात सहासुद्धा नाही. शिवाय हे दक्षिण आशियाई कोण, तेही पाहावं लागतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्यांतला मोठा गट पाकिस्तानातल्या हृदयविकाराच्या एका अभ्यासातला होता, नंतर ब्रिटनच्या यूके बायोबँकमधले लोक आले. त्याआधीच्या ‘थाउजंड जीनोम्स’ प्रकल्पातले पाच दक्षिण आशियाई गट आठवा: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ आणि ब्रिटनमधलेच तेलुगू. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना त्यात नाही. आणि मराठी मुलखातला गट नाहीच.

ही उणीव नुसत्या आकड्यानं भरत नाही, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे लग्नं शतकानुशतकं जातीच्या, पोटजातीच्या, जमातीच्या आत होत आली. त्यामुळे एका समूहात एखादा रोगकारक बदल भरपूर असतो आणि शेजारच्या आळीतल्या दुसऱ्या समूहात त्याचा मागमूस नसतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८१ समूहांत हा ‘संस्थापक परिणाम’, म्हणजे थोड्याच पूर्वजांपासून मोठा समूह वाढल्याचा परिणाम, फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र आढळला. या दोन समूहांची उदाहरणं जगभरच्या जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतात. आपल्याकडे तसे डझनावारी समूह आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी आपल्याला फारसं काही ठाऊक नाही. जे थोडं ठाऊक आहे त्यातलं एक म्हणजे आर्य वैश्य समाज: भूल देताना वापरतात त्या सक्सिनिलकोलीनचं विघटन करणारं एन्झाइम या समाजातल्या काही जणांत जन्मतः कमी असतं, आणि एरवी काही मिनिटं टिकणारा परिणाम त्यांच्यात तासन्‌तास टिकू शकतो.

एक साधं गणित पाहा. एखाद्या समाजात दर शंभर गुणसूत्रांमागे एकावर रोगकारक बदल असेल, तर पन्नासांतला एक जण वाहक असतो (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीवरच बदल असलेला). त्या समाजातल्या फक्त दीडशे जणांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तरी तो बदल किमान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के आहे. आणि तो समाज नमुन्यातच नसेल, तर ‘दक्षिण आशियाई’ या रकान्यात आणखी लाखभर माणसं घातली तरी तो दिसेलच असं नाही. म्हणून एकगठ्ठा संख्या वाढण्यापेक्षा कोण सुटलंय हे शोधणं जास्त मोलाचं.

या बाजूला देशात काम झालंय, ते वापरा. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या इंडिजेन प्रकल्पात १,०२९ निरोगी भारतीयांचे जीनोम वाचले गेले. त्यांत साडेपाच कोटींहून अधिक बदल मिळाले आणि त्यांतले जवळपास ३२ टक्के तोवरच्या जागतिक संग्रहांत नव्हते. त्याची वारंवारता सगळ्यांना पाहता येते. रिपोर्टवर सही करण्याआधी नोमॅडच्या जोडीला हेही उघडायचं, हा माझा रोजचा शिरस्ता आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात ऐंशीहून अधिक समूहांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम झाले. ती माहिती फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि जानेवारी २०२५ पासून संशोधकांना अर्ज करून मिळवता येते. हे मोठं पाऊल आहे. पण मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण विभागानं देशात साडेचार हजारांहून अधिक समाज नोंदवले आहेत, हेही लक्षात असू द्या. आणि या प्रकल्पांतले लोक निरोगी आहेत. एखादा बदल आजार करतो की नाही, हे त्यांच्याकडून थेट कळत नाही.

इथे दुसरी उणीव येते, अर्थाची, आणि ती तुमच्या फायलींत अडकली आहे. क्लिनव्हार हा अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राचा खुला संग्रह २०१३ पासून सुरू आहे. जगातली कुठलीही लॅब तिथे नाव नोंदवून ‘हा बदल आम्हाला अमुक आजाराच्या रुग्णात दिसला, आम्ही त्याला असं वर्गीकृत केलं, हा आमचा पुरावा’ असं विनामूल्य नोंदवू शकते. मराठी कुटुंबात सापडलेला बदल तिथे शोधावा आणि पान कोरं निघावं, हा अनुभव तुम्हाला रोजचा असेल. तो बदल जगात प्रथमच सापडलाय असं प्रत्येक वेळी नसतं. अनेकदा तो दुसऱ्या शहरातल्या लॅबनं आधी पाहिलेला असतो आणि तिथल्या फायलीत ठेवून दिलेला असतो.

माझ्या कामात वारंवार येणारा प्रसंग असा. मराठवाड्यातलं जोडपं, मामाच्या मुलीशी लग्न, पहिलं मूल चयापचयाच्या आजारानं गेलेलं. मुलाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींवर एकच बदल, आईवडील दोघं वाहक, रिपोर्टवर व्हीयूएस. दुसऱ्या गरोदरपणात गर्भजल तपासून निर्णय घ्यायचा, तर व्हीयूएसवर तो घेता येत नाही, घेऊही नये. आता समजा, नात्यातल्या नसलेल्या दुसऱ्या कुटुंबात, दुसऱ्या लॅबनं, त्याच आजाराच्या मुलात तोच बदल दोन्ही प्रतींवर पाहिला. क्लिनजेन या तज्ज्ञांच्या अमेरिकी प्रकल्पाच्या गुणपद्धतीत अप्रभावी (दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) आजारासाठी अशा प्रत्येक असंबंधित रुग्णाला अर्धा गुण मिळतो. दोन कुटुंबं मिळून एक गुण, म्हणजे मध्यम दर्जाचा पुरावा. बाकीची अंगं बरी असतील, बदल लोकसंख्येत दुर्मीळ असेल, एन्झाइमची पातळी त्या आजाराशीच जुळत असेल, तर तो ‘बहुधा रोगकारक’ वर्गात जाऊ शकतो आणि त्या जोडप्याला गर्भाची तपासणी खुली होते. दोन्ही लॅबनी मौन पाळलं तर दोन्ही कुटुंबं अनिश्चिततेत राहतात. तुमच्या एका नोंदीचं वजन इतकं असू शकतं. दहा हजार निरोगी जीनोमांतून हा पुरावा निघणार नव्हता.

यात एक धोका आहे आणि तो आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. आपापसात लग्नं होणाऱ्या समूहात गुणसूत्राचा लांबच लांब तुकडा पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत येतो. त्या तुकड्यावर खरा दोषी बदल एक असतो आणि निरुपद्रवी सोबती अनेक. रुग्णांत सगळेच एकत्र दिसतात. एमवायबीपीसी३ जनुकातली २५ अक्षरांची गळती, म्हणजे डीएनएचा तेवढा तुकडा गळून गेलेला असणं, हे याचं गाजलेलं उदाहरण. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या सहभागातून झालेल्या संशोधनानं दाखवलं की दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत ती असते आणि हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी तिचा संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. त्या सगळ्यांना काय सांगायचं? पुढे २०२० मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं की ही गळती असलेल्या थोड्याच लोकांत, त्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिन न घडवणाऱ्या भागात), आणखी एक दुर्मीळ बदल असतो आणि रुग्णांत ती गळती जास्त दिसण्याचं कारण तोच आहे. नुसती गळती असणाऱ्या बहुसंख्यांच्या डोक्यावर टांगलेली भीती त्यामुळे बरीच हलकी झाली. आपल्याच लोकांची पुरेशी माहिती असल्याशिवाय हा गुंता सुटलाच नसता. म्हणून दोन कुटुंबांत एकच बदल दिसला की लगेच रोगकारक म्हणू नका. जनुकाचा बाकीचा भाग, एक्झोममध्ये न दिसणारे तुकडे आणि मोठ्या गळती पाहिल्यात का, ते नोंदीत लिहा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तुमच्या लॅबची सगळी फाइल एका दमात अपलोड करायला जाऊ नका, ते काम अर्ध्यात सुटतं. ज्या जनुकाचे रुग्ण तुमच्याकडे सर्वाधिक येतात आणि ज्या आजाराची क्लिनिकल बाजू तुमच्या डॉक्टरांना पक्की माहीत आहे, तिथून सुरुवात करा. एकेक नोंद क्लिनव्हारच्या फॉर्मवरून करता येते, जास्त असतील तर स्प्रेडशीट आहे. वर्गीकरण कोणत्या निकषांवर केलं, बहुधा एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेचे २०१५ चे निकष, ते जोडलंत तर नोंदीला विश्वासार्हतेचा एक तारा मिळतो, नाहीतर शून्य. दोन लॅबनी निकषांसह एकच निष्कर्ष दिला की दोन तारे. पण ताऱ्यांपेक्षा पुराव्याचा परिच्छेद मोलाचा असतो, आणि तोच लोक कोरा सोडतात. किती असंबंधित कुटुंबं, बदल एका प्रतीवर की दोन्ही, आईवडील तपासले का, लक्षणं कोणत्या वयात, एन्झाइम किंवा बायोप्सीचा निकाल काय, तपासणी कोणत्या पद्धतीनं झाली, एवढं लिहिलेल्या चार ओळी दुसऱ्या टोकाच्या माणसाला निर्णय घ्यायला पुरतात. ‘रोगकारक’ एवढा एकच शब्द कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

व्हीयूएस द्या आणि निरुपद्रवी बदलही द्या. निरुपद्रवी नोंदी देण्यात कुणालाच रस नसतो, पण त्या नसल्यानं माणसांचं नुकसान झालंय. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय कुटुंबांना हृदयस्नायूच्या आजाराचे रोगकारक म्हणून कळवलेले बदल प्रत्यक्षात त्यांच्या समाजात सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. मूळ अभ्यासांच्या तुलनागटांत थोडे जरी कृष्णवर्णीय लोक घेतले असते, तरी ही चूक टळण्याची शक्यता मोठी होती. आपल्या निरोगी आजी-आजोबांत दिसलेला ‘भयंकर’ बदल तुम्ही नोंदवलात, तर पुढचं एखादं कुटुंब अकारण घाबरणार नाही.

नावांकडे विशेष लक्ष द्या. थॅलेसेमियाच्या जुन्या रिपोर्टांत ‘आयव्हीएस वन-फाइव्ह’ असं लिहिलेलं असतं. डेटाबेसमध्ये तोच बदल प्रमाण नामपद्धतीनं असतो. रूपांतर न करता ठेवलेल्या नोंदी कुणाला सापडत नाहीत. आणि पद्धतीची मर्यादाही लिहा. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणाऱ्या पाच प्रमुख बदलांत ६१९ अक्षरांची एक गळती आहे, सिंधी समाजात ती विशेष आढळते. लहान तुकडे वाचणाऱ्या काही पॅनेलमधून ती निसटू शकते, तिच्यासाठी गॅप-पीसीआर ही वेगळी चाचणी करावी लागते. पॅनेलमध्ये दिसली नाही म्हणून ती त्या समाजात नाही, असा अर्थ कुणी तुमच्या नोंदीवरून काढू नये.

लॅबच्या बाहेरही मोठा साठा आहे: वैद्यकीय महाविद्यालयांतले प्रबंध आणि भारतीय नियतकालिकांतल्या लेखांचे तक्ते. ‘प्रकाशित साहित्यातून’ असा उल्लेख करून ते बदलही क्लिनव्हारमध्ये किंवा लायडनच्या एलओव्हीडी या डेटाबेसमध्ये नोंदवता येतात. शिकणाऱ्या डॉक्टरांना मी हेच काम आधी देते. अर्थ लावणं त्यातून जितकं पक्कं येतं तितकं व्याख्यानांतून येत नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर, वारंवारतेची उणीव राष्ट्रीय प्रकल्प भरत आहेत, त्यांचे आकडे तुम्ही वापरायचे. अर्थाची उणीव तुम्ही भरायची, एकेका जनुकापासून, पुराव्याच्या परिच्छेदासह.

राहिला सर्वांत नाजूक प्रश्न, खासगीपणाचा आणि समाजाच्या नावाचा. क्लिनव्हारच्या नोंदीत माणसाचं नाव किंवा पूर्ण जीनोम जात नाही, एक बदल आणि त्याचा पुरावा जातो. तरीही नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या एका पाड्याचं नाव, जमातीचं नाव, मुलाचं वय आणि दुर्मीळ आजार एकत्र लिहिलात, तर तिथल्या आरोग्यसेविकेला ते मूल कोण हे लगेच कळेल. भौगोलिक मूळ आणि समूह यांची माहिती तिथे देता येते. कितपत बारीक द्यायची, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. आजार दुर्मीळ आणि समूह लहान असेल तर मी ‘पश्चिम भारत’ किंवा ‘महाराष्ट्र’ इथे थांबते आणि समाजाचं नाव लॅबच्या कुलूपबंद नोंदवहीत ठेवते. दुसऱ्या लॅबनं विचारलं तर दोन तज्ज्ञ आपसात बोलू शकतात. नुसतं ‘दक्षिण आशियाई’ मात्र लिहू नका, आपली तक्रारच त्या रकान्याविषयी आहे.

समाजाचं नाव सरसकट छापण्याला माझा विरोध असण्याचं कारण लग्नं आहेत. विदर्भात आणि सातपुड्यात काही आदिवासी समूहांत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण दर दहामागे एकाहून जास्त आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि तपासण्या वाढल्या, हे चांगलंच झालं. पण वाहक मुलीचं लग्न मोडणं आणि वाहक मुलाबद्दल ब्र न काढणं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अख्ख्या समाजावर शिक्का बसला तर त्याची झळ आधी त्या समाजातल्या मुलींना बसते. म्हणून समूहाच्या पातळीवर काही प्रसिद्ध करायचं असेल, तर आधी ग्रामसभेत किंवा समाजाच्या मंडळात जाऊन बोला, निष्कर्ष प्रथम त्यांना दाखवा, मग बाहेर. अमेरिकेत हावासुपाई जमातीचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं गेलं आणि स्किझोफ्रेनिया व स्थलांतराच्या अभ्यासांत वापरलं गेलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला सात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली, नमुने परत करावे लागले. तुटलेला विश्वास पैशांनी भरून येत नाही, आणि ज्यांचा सहभाग सर्वांत कमी आहे तेच लोक मग कायमचे दूर जातात.

संमतीबद्दल: जुन्या, ओळख पुसलेल्या माहितीसाठी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते. तो निर्णय तुम्ही किंवा लॅबमालकानं परस्पर घ्यायचा नाही, कमिटीकडे लेखी अर्ज करा. परदेशी सहकार्यातून नमुने किंवा पूर्ण जीनोम जाणार असतील तर नियम वेगळे आणि कडक आहेत. पुढच्या रुग्णांसाठी आजच संमतीपत्रात एक परिच्छेद घाला, साध्या मराठीत: तुमच्या तपासणीत सापडलेला बदल, तुमचं नाव न देता, जगातल्या डॉक्टरांना दिसेल अशा ठिकाणी नोंदवू का? नाही म्हणालात तरी तपासणीत आणि उपचारांत फरक पडणार नाही. ज्यांची भाषा भिली, पावरी किंवा गोंडी आहे त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच माणसाकडून सांगा. माझ्या अनुभवात, नीट समजावलं तर आजारानं पोळलेली कुटुंबं क्वचितच नाही म्हणतात. ‘आमच्यासारखं दुसऱ्याचं होऊ नये’ हे वाक्य मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलंय.

लॅबमालक राजी होतील का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. बदलांची यादी ही आपली मिळकत आहे असं काहींना वाटतं. त्यांना एवढं दाखवा की तुमच्या लॅबचं नाव प्रत्येक नोंदीवर असतं, पाठवणारे डॉक्टर क्लिनव्हार उघडतात तेव्हा ते पाहतात, आणि विरोधी निष्कर्ष असलेली दुसरी लॅब समोर आली तर तुमची चूक रुग्णापर्यंत जाण्याआधी सापडू शकते. तेही नाही पटलं तर निदान व्हीयूएस एवढेच देऊ द्या म्हणा. त्यांत धंद्याचं गुपित काही नसतं.

आणि नोंद दिली की काम संपत नाही. तुमच्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक मिळतो, नवा पुरावा आल्यावर त्याच क्रमांकावर ती बदलायची असते. वर्षातून एकदा जुने व्हीयूएस पुन्हा शोधा, इतरांनी त्यात काय भर घातली ते पाहा. एखादा बदल वरच्या वर्गात गेला तर ज्या कुटुंबाचा तो आहे त्यांना फोन करणारं माणूस लॅबमध्ये नेमलेलं हवं. रिपोर्ट देताना मोबाइल नंबर दोन घ्या, एक नातेवाइकाचा. आपल्याकडे नंबर फार लवकर बदलतात, आणि पुढचं गरोदरपण वाट पाहत नाही.